उंदराच्या जीनचं आवतण

अन्याय झाला तो माझ्या मामेबहिणीवर. कधी, तर माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी सव्वासहाला. कुठे, तर शेलार गावच्या मंडपात, आरतीआधी, सगळा गाव खुर्च्यांवर बसलेला असताना. कुणी केला, तर तिच्या सख्ख्या काकांनी, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी, तिच्या हातातला माईक काढून घेऊन. हे आधीच सांगून टाकते. पत्रकं लिहून लिहून मला हीच सवय लागली आहे: कोणावर, कधी, कुणी. कारणं खाली लिहायची, कागद उरला तर.

कागद तेव्हा गुलाबी असायचा. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. मी भिवंडीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आम्हा पोरापोरींचा पत्रकं वाटणारा एक गट होता. प्रेसवाल्याकडे लग्नपत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद असे. त्याला तो नको असे, आम्हाला चालत असे. अकलोलीच्या गरम कुंडाचं पाणी बाटलीत भरून 'सर्व रोगांवर' म्हणून विकणाऱ्या एका गृहस्थाविरुद्ध आम्ही पत्रक काढलं होतं. त्यानं ते शांतपणे वाचलं, आणखी एक गठ्ठा मागून घेतला आणि त्यातच बाटल्या गुंडाळून विकू लागला. आमचं सगळ्यात जास्त घरांत पोचलेलं पत्रक तेच.

तर ताई. मामांची मुलगी, माझ्याहून बरीच मोठी, मुंबईत एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. आमच्या सगळ्या नात्यात नावाला ही अक्षरं लावू पाहणारी ती पहिलीच. विषय होता उंदराचा एक जीन, नाव ट्रॅफ-सिक्स. हा जीन नेमकं करतो काय, असं कुणी विचारलं की ती इतक्या आनंदानं सांगायला लागायची की कळो न कळो, समोरचा ऐकत राहायचा. पण विचारायचं कोण? लोक तिला विचारायचे, "हॉस्टेलवर जेवण बरं हाय ना गो?" आणि मागे मामांना विचारायचे, "पोर काय करते तुझी?"

मामांची खरी अडचण इथंच होती. भातशेती होती तिथं आता गोडाऊन उभं होतं, एका सुताच्या व्यापाऱ्याला भाड्यानं दिलेलं. घरात कशाला कमी नव्हतं. मामा भला माणूस, पोरीला कधी नाही म्हटलेलं नाही. पण संध्याकाळी नाक्यावर चहाला गेले की कुणीतरी हमखास विचारायचं आणि मामांकडे उत्तर नसायचं. कुणाची मुलगी डॉक्टर, कुणाची बँकेत, एकाची तर विमानात. मामांची? एकदा कुणीतरी मामांच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं, "उंदीर पालते!" आणि नाका हसला. त्या दिवशी मामा अर्धा चहा टाकून घरी आले.

मग त्यांनी ताईला सांगितलं, "गणपतीला मंडपात बोल. गावाला समजंल असं सांग, तू काय करतेस ते. समजलं, तर शिक्षण संपेपर्यंत स्थलाचं नाव काढनार न्हाय. न्हाय समजलं, तर मे महिन्यात बघू. दिघाशीचं स्थल हाय."

दिघाशीचा मुलगा वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. वाईट असता तर मी एक पत्रक काढून मोकळी झाले असते. पण तिकडच्यांची एकच अट होती, लग्नानंतर मुंबईची धावपळ नको. म्हणजे ट्रॅफ-सिक्स तिथंच संपला.

ताईनं आठवडाभर तयारी केली. मंडळानंही केली. मंडळानं नाक्यावर फळा लावला: 'उंदरांविषयी मार्गदर्शन. वक्त्या आपल्याच गावच्या. गोडाऊनवाल्यांनी अवश्य यावे.'

फळा वाचून मी ताईला म्हटलं, "हे काय?"

ती म्हणाली, "असू दे ग. गर्दी तरी होईल."

गर्दी झाली! शेलार आणि आसपासचा प्रत्येक गोडाऊनवाला आला. सुतावाले, पुठ्ठ्यावाले, बिस्किटांचे खोके साठवणारे, सगळे. पहिल्या रांगेत मामांचे भाडेकरू शेठ, शेजारी मामा नव्या शर्टात. कुणी कुरतडलेल्या सुताच्या गुंडाळ्या पिशवीत घालून आणल्या होत्या, डॉक्टरकडे रिपोर्ट आणतात तशा.

ताई चांगली बोलत होती, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. शरीराच्या पेशीत हजारो प्रोटीनं कामाला असतात, म्हणाली. त्यांच्या अंगाला एक छोटंसं प्रोटीन चिकटवलं जातं, त्याचं नाव युबिक्विटिन. ते चिकटलं की त्या प्रोटीनचं पुढं काय करायचं हे ठरतं. ट्रॅफ-सिक्सपासून बनणारं प्रोटीन हे चिकटवण्याचं काम करतं. लोक शांत बसले होते. उंदीर कधी येतो याची वाट बघत होते.

मग ताईनं ती एक गोष्ट सांगितली. छोट्या जातीच्या पांढऱ्या उंदरांमधून शास्त्रज्ञांनी हा जीन काढून टाकला, तेव्हा त्यांच्या हाडांची घडण बिघडली. जुनं हाड झिजवून जागा करणाऱ्या पेशीच नीट काम करेनात. त्यामुळे त्यांचे दात जबड्यातून बाहेरच आले नाहीत.

मग शेठ उभे राहिले.

"बेटी, एक मिनिट. दाँतच आले नाय?"

"नाही आले."

"मग सूत कसा काटनार?"

"नाही काटणार, पण—"

"अरे, मग ह्योच काढा ना आमच्या उंदरांचा!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा मंडप उठला. "फवारा मारायचा की गोळी?" "घुशींना चालंल का?" "एका गोडाऊनला किती लागंल?" पुठ्ठ्यावाले म्हणाले, आधी नाव माझं लिहा. ताई हात वर करून सांगत होती की हे असं नसतं, हे प्रयोगशाळेत जन्माआधीच करावं लागतं, आणि तिच्या कामाचा मुद्दा दात नाहीतच. कोण ऐकतं!

तेव्हा काका व्यासपीठावर आले. माईक घेतला आणि म्हणाले, "ते शास्त्र सगलं बरोबर हाय. पन उंदीर मरतील कशानं, तेवढं सांग बाय."

"काका, मी उंदीर मारण्यावर काम करत नाही."

"मंग?"

त्या 'मंग'वर गाव हसला. काकांनी तिला शाल दिली, नारळ दिला आणि माईक उंदीर चिकटवायचे गोंदाचे पुठ्ठे विकणाऱ्या एजंटाला दिला, जो हे सगळं होईल याची खात्री असल्यासारखा पिशवी घेऊन बाजूलाच उभा होता. "भाईसाब, एक बार लगाओ, सुबह देखो!" तो पुठ्ठा उघडून दाखवू लागला. मुख्य मुद्दा ताईच्या तोंडात तसाच राहिला. मामा पायांकडे बघत बसले होते.

मला अजून त्या संध्याकाळचा राग आहे. ताईला नव्हता. ती मंडपामागे बसून मोदक खात होती आणि हसत होती. "त्यांचं काय चुकलं? त्यांच्याकडे उंदीर आहेत, मी उंदरावर बोलायला उभी राहिले."

"तुला बोलू दिलं नाही!"

"ते चुकलं," ती म्हणाली. "आणि बाबांना कळलं नाही, ते जास्त चुकलं. त्याचं काय करायचं सांग."

मला एकच गोष्ट येत होती. त्या रात्री मी पत्रक लिहिलं. 'गोडाऊनवाल्यांनो, जागे व्हा!' असा मथळा. खाली लिहिलं की शेलारच्या लेकीनं शोधलेला ट्रॅफ-सिक्स हा जीन शरीरातला कचरा साफ करतो, निकामी प्रोटीनवर चिठ्ठी लावून त्याला मोडीत काढतो, आणि यातून लवकरच गुडघेदुखीचं औषध येणार आहे. लिहून झाल्यावर मला स्वतःलाच स्फुरण चढलं.

ताईनं पेन घेतलं. 'शोधलेला' खोडलं: मी शोधला नाही, आधीच शोधलेला आहे. 'लवकरच' खोडलं. 'औषध' खोडलं. मग 'कचरा' आणि 'मोडीत' यांच्यावर आली आणि तिनं अख्खं वाक्यच उडवलं.

"अग, हे तर खरं आहे ना? मी वाचलंय. युबिक्विटिन लागलं की प्रोटीनची वाट लागते."

"पुष्कळदा लागते. याच्या बाबतीत नाही. माझं सगळं काम तिथंच तर आहे!"

"मग उरलं काय पत्रकात?"

"गोडाऊनवाल्यांनो," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी शेलारला गेले. ताई सोमवारी मुंबईला परतणार होती आणि मामा संध्याकाळी दिघाशीला फोन करणार होते, असं मामींनी मला दारातच सांगितलं. मामी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, मधूनच चुलीवर सुकट परतत होत्या. आणि मामा ओटीवर ताटली घेऊन बसले होते. ताटलीत कुंकू, तांदूळ, पाण्याची वाटी.

आमच्याकडे भावकीत लग्न निघालं की पत्रिका छापतातच, पण ती पुरत नाही. घरोघरी जाऊन आवतण द्यावं लागतं. एक माणूस कुंकवाची ताटली घेऊन निघतो, प्रत्येक दाराच्या चौकटीला टिळा लावतो, अक्षता टाकतो. टिळा लागला की ते घर मांडवात हजर. लागला नाही तर पत्रिका आली असली तरी ते घर रुसतं आणि पुढची पिढीसुद्धा रुसते. हे काम भावकीनं मामांना दिलं होतं, कारण मामा घर चुकत नाहीत. त्या दिवशी पलीकडच्या आळीतल्या लग्नाचं आवतण होतं.

अंगणात गावदेवीच्या मानाचा बोकड बांधला होता. मामांनी कुंकू कालवलं, उठून आधी त्याच्या कपाळाला टिळा लावला, हात जोडले आणि परत येऊन बसले. बोकड पाला खात राहिला.

ताई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, बोकडाला टिळा लावला म्हणजे काय?"

"म्हंजे त्याचं झालं. संध्याकाली देवीला."

"आणि चौकटीला लावतात ते?"

"ते आवतान. माणसं जमवायला." मामा तिच्याकडे बघायला लागले. "लहान हायस का गो तू? काय इचारतेस?"

"कुंकू तेच ना? या एकाच ताटलीतलं?"

"तेच."

"पण बोकड जातो, आणि माणसं येतात."

"कुठं लावलं, कसं लावलं, त्याच्यावर हाय ना सगलं!"

"बाबा," ताई ओटीवर बसली, "युबिक्विटिन म्हणजे हे कुंकू. पेशीतल्या प्रोटीनना लावतात. त्याची साखळी विणतात, कडीत कडी अडकवून. एका तऱ्हेनं अडकवली की ते प्रोटीन बोकड. त्याचे तुकडे होतात, पेशी ते पुन्हा वापरते. दुसऱ्या तऱ्हेनं अडकवली की तो चौकटीचा टिळा. तिथं दुसरी प्रोटीनं येऊन जमतात, एकमेकांना निरोप देतात, काम सुरू होतं. माझा जीन जे प्रोटीन बनवतो ते मुख्यतः हा दुसरा टिळा लावतं. बोकडाचा नाही, आवतणाचा."

मामांचा हात ताटलीवर थांबला. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला तरी मामी बाहेर येऊन उभ्या.

"म्हंजे," मामा हळूच बोलले, "ताटली घेऊन घरोघर फिरतो तो... तो मी?"

"तुम्हीच!"

"उंदराच्या अंगात मी हाय?"

"उंदराच्या, माणसाच्या, सगळ्यांच्या."

मामांचं हसू फुटलं ते थांबेचना. मग ते एकदम गंभीर झाले आणि आवतणाचा कायदा काढून बसले. "पन मी उगा निघत न्हाय हां. लगीनघरचा माणूस येऊन सांगतो, तवा निघतो."

"तसंच आहे. पेशीच्या बाहेरून कुणीतरी दार ठोठावतं, जंतू आले, जखम झाली. आत निरोप जातो, मग हे प्रोटीन निघतं. इतकंच नाही, ते स्वतःलाही टिळा लावून घेतं."

"लावतोच ना मी! पयला माझ्या दाराला, मग गावाला." हा मुद्दा त्यांना भलताच पटला. "आणि लगीन झाल्यावर? चौकट कोण धुतो? टिळा तसाच राहिला तर लोक उद्या पन येतील जेवायला."

ताईनं फक्त टाळी वाजवायची बाकी होती. "ती वेगळी प्रोटीनं, टिळा काढणारी. त्यांनी काम केलं नाही तर जमलेले लोक हलत नाहीत, मांडव उतरत नाही. सूज येते आणि राहते. मी तेच बघते आहे. उंदराच्या सांध्यातल्या पेशी घेते आणि बघते, आवतण कधी निघतं आणि कधी थांबतं."

मामींनी गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचा उजवा गुडघा कायम सुजलेला. "म्हंजे माझ्या गुडघ्यात इतकी वर्सं लगीनच चाललंय का गो?"

"थोडंफार तसंच, आई. पण औषध मागू नकोस. ते माझ्या हातात नाही, आणि कधी येईल ते मला माहीत नाही."

"औषध ऱ्हाउ दे," मामी म्हणाल्या. "नवरा-नवरी कोण हायेत तेवढं कलू दे, मी हाकलते त्यांना."

मामा चपला घालून उभे राहिले. "चला."

"कुठे?" मी विचारलं.

"आवतान द्यायला. तू पन ये. आणि तू," ताईला म्हणाले, "मी चुकलो तर लगेच टोक."

असं आवतण मी पुन्हा पाहिलं नाही. प्रत्येक दाराशी मामा टिळा लावायचे आणि घरातल्यांनी 'येतो' म्हणायच्या आत सुरू व्हायचे. "ह्यो मी आत्ता काय केला? टिला लावला. माझ्या पोरीचा जीन ह्येच करतो." म्हाताऱ्या बायका पटकन समजल्या. एकीनं विचारलं, "आणि घर चुकला तर?" तेव्हा ताईनं तिला उंदरांच्या दातांची गोष्ट नीट सांगितली: हाड झिजवणाऱ्या पेशींना आवतणच गेलं नाही, त्या आल्या नाहीत, म्हणून दातांना वाट मिळाली नाही. म्हातारी म्हणाली, "रुसल्या." ताई म्हणाली, "हो, तसंच." एका घरात मामांनी जोशात सांगितलं की पोरीनं हा जीन बनवला आहे. ताईनं तिथल्या तिथं टोकलं. मामांनी चौकटीत उभं राहून दुरुस्ती केली, "बनवला न्हाय, वलखते त्याला."

काकांचं घर शेवटून दुसरं होतं. काका बनियनवर दार उघडून उभे. मामांनी ताटली मागे धरली.

"टिला लाव ना," काका म्हणाले.

"लावतो. आधी ऐक. पूर्न."

"आता हे काय नवीन?"

"त्या दिवशी तू पोरीला बोलू दिलं न्हाय. आज तुला ऐकल्याबिगर आवतान न्हाय."

भावकीत आवतणाशिवाय राहणं म्हणजे काय, हे अध्यक्षांना कुणी सांगायची गरज नव्हती. काका उंबऱ्यात उभे राहिले. मामांनी सुरुवात केली, ताईनं पुढचं सांगितलं, बोकड, चौकट, दार ठोठावणारा, टिळा काढणारा, सगळं. काकी आतून येऊन ऐकत होत्या. शेवटी काका म्हणाले, "आता समजलं. चांगलं हाय." मग जरा थांबून, राहवलं नाही म्हणून, "पन उंदीर मरनार न्हायत ना याच्यानं?"

"न्हाय मरनार," मामा चौकटीला टिळा लावत म्हणाले. "उंदीर माराया न्हाय गेली ती. तुझ्या गोडाऊनची दारं नीट लाव, भोकं बुजव."

काकींनी मात्र दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही चांगले होते. गणपतीच्या मंडपात काकींना प्रश्न विचारायला कुणी जागाच ठेवली नव्हती. हा दुसरा अन्याय, पत्रकात घालायचा राहून गेला होता, म्हणून इथं घालते.

घरी आल्यावर मामांनी फोन उचलला. मी आणि ताई स्वयंपाकघरात, मामींच्या मागे, कान देऊन.

"नमस्कार. हां. न्हाय, मे महिन्यात न्हाय जमत. पोरीचं काम चालू हाय." पलीकडून बहुधा तोच प्रश्न आला, कसलं काम. मामा खुर्चीत नीट बसले. "सांगतो ना. तुमच्याकडं आवतान कोन देतो?"

फोन बराच वेळ चालला. दिघाशीचे लोक सभ्य होते, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग दुसरीकडे मुलगी बघितली. त्या लग्नाचं आवतण आम्हालाही आलं. ताई गेली, पोटभर जेवली, नवऱ्यामुलाशी गप्पा मारून आली.

तिचं काम वाटलं त्यापेक्षा जास्त लांबलं. मामांनी शब्द मोडला नाही. नाक्यावर कुणी विचारलं की ते आता इतकं सांगायचे की लोक विचारायचे बंद झाले. आमचं पत्रकही निघालं, त्याच गुलाबी कागदावर. मजकूर ताईचा, चारच वाक्यं, चारही खरी. मथळा मी ठेवला.

आता तुमचं काय ते बोलू. तुमच्या घरात किंवा नात्यात अशी एक मुलगी नक्की आहे, जिचं काम तुम्हाला कुणाला सांगता येत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी तिच्या कामाची मुदत तुम्ही ठरवता आहात. आज संध्याकाळी तिच्यासमोर बसा. विचारा, "तू नेमकं काय करतेस?" ती बोलत असताना उठू नका, उपयोग विचारू नका. कळलं नाही तर सांगा की कळलं नाही, आणि पुन्हा विचारा. तुम्हाला स्वतःला चारचौघांत सांगता येईल तोपर्यंत विचारत राहा. आणि तोपर्यंत तिच्या लग्नाचा एकही फोन लावू नका.